मांतोवाजवळचे सांतिनी कुटुंबाचे रेस्टॉरंट आणि त्यांचे वाइनचे तळघर : जाण्यापूर्वी काय माहीत असावे?

दिंडोरीकर

नमस्कार. आईबाबांच्या लग्नाला या मे महिन्यात चाळीस वर्षे पूर्ण झाली. मिलानमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या ताईने त्यानिमित्त आम्हा सर्वांना सप्टेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे आमच्याकडे बागेची छाटणी सुरू होण्याआधी, तिकडे बोलावले आहे. एका दुपारच्या जेवणासाठी तिने इटलीच्या लोंबार्दी प्रांतातल्या मांतोवा जिल्ह्यातील कान्नेतो सुल्लोल्यो या गावाजवळच्या ‘दाल पेस्कातोरे’ या रेस्टॉरंटमध्ये जागा राखून ठेवली आहे. सांतिनी कुटुंब ते १९२६ पासून चालवत आहे आणि त्यांच्या तळघरात उत्तम वाइनचा मोठा साठा आहे, एवढे ताईने सांगितले. बाकी आम्हाला काहीच माहीत नाही.

आम्ही पाच जण आहोत. बाबा तीस वर्षे द्राक्षे पिकवत आहेत, पण ती खाण्याची द्राक्षे. वाइन त्यांनी आयुष्यात मोजून चार-पाच वेळा घेतली असेल. आई शाकाहारी आहे, अंडे चालते, वाइन घेत नाही. भावोजी गाडी चालवणार आहेत. म्हणजे वाइन घेणारे खऱ्या अर्थाने ताई, मी आणि बाबा. अशा नामांकित ठिकाणी पाचपैकी दोघांनी वाइन नाकारणे यजमानांना अपमानास्पद वाटेल का, आणि पुस्तकाएवढी जाड वाइनची यादी हातात आल्यावर आमच्यासारख्यांनी निवड कशी करावी, हे मला समजून घ्यायचे आहे.

खरा प्रश्न मात्र बाबांचा आहे. ते म्हणाले, “माल व्यापाऱ्याच्या गाडीत चढल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत आपला जीव टांगणीला लागलेला असतो. ही माणसे बाटली रोख पैसे देऊन घेतात आणि वीस वर्षे अंधारात ठेवतात, हे त्यांना परवडते कसे?” मला उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

तोरिनोकर

मी अकरा वर्षे तोरिनोमध्ये राहतो आणि इथून तासाभरावर असलेल्या लांगे या डोंगराळ भागात, जिथे बारोलो आणि बार्बारेस्को या वाइन तयार होतात, सवड मिळेल तेव्हा जात असतो. आपल्या वडिलांचा प्रश्न वरवरचा नाही. इटलीतल्या अशा रेस्टॉरंटांचे सगळे गमक त्यातच आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो.

बारोलो ही नेब्बिओलो जातीच्या द्राक्षापासून होणारी वाइन आहे. नियमानुसार ती सुगीच्या वर्षातील १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने मुरवावी लागते आणि त्यातले १८ महिने लाकडी पिंपात जावे लागतात. ‘रिझेर्वा’ म्हणून विकायची असेल तर ही मुदत ६२ महिन्यांची होते. पण मुदत संपली म्हणजे वाइन पिण्याजोगी झाली असे नाही. चांगल्या सालातल्या तरुण बारोलोचा तुरटपणा जीभ अक्षरशः कोरडी करतो आणि तो निवळून त्यामागचा सुगंध वर यायला दहा, पंधरा, कधी वीस वर्षे लागतात. बागायतदाराला इतकी वर्षे थांबणे शक्य नसते, कारण पुढच्या हंगामाचा खर्च दारात उभा असतो. तो कायदेशीर मुदत संपताच माल विकतो. मग उरलेली वर्षे ती बाटली कोणीतरी सांभाळावी लागते, आणि ते काम ज्यांना जमते त्यांपैकी सर्वांत भरवशाचे म्हणजे स्वतःच्या मालकीच्या घरात, स्वतःच्या तळघरावर राहणारे कुटुंब.

शहरातल्या मोठ्या रस्त्यावर भाड्याच्या जागेत चालणाऱ्या रेस्टॉरंटाला हे साधत नाही. तिथे चौरस फुटाचा हिशेब असतो, दर काही वर्षांनी मालक किंवा भागीदार बदलतात, आणि आज घेतलेली बाटली पंधरा वर्षांनी विकायला आपण इथे असू याची खात्री कोणालाच नसते. कुटुंबाला ती असते. वडिलांनी घेतलेली बाटली मुलगा उघडणार आहे हे गृहीत धरूनच ती घेतलेली असते. शिवाय ही खरेदी एकदम मोठी रक्कम ओतून होत नाही. दर वर्षी ठरावीक उत्पादकांकडून थोड्या थोड्या बाटल्या घ्यायच्या, पहिली दहा-पंधरा वर्षे फक्त भर घालत राहायचे आणि ती अवघड वर्षे निभावून नेली की पुढे दर वर्षी जितक्या जुन्या बाटल्या वर जातात तितक्या नव्या खाली येतात. पैसा अडकतो तो त्या पहिल्या पिढीचा.

आणखी एक गोष्ट पैशाइतकीच मोलाची आहे. नावाजलेल्या उत्पादकांकडे माल थोडा आणि मागणी अफाट असते, म्हणून ते दर वर्षी आपल्या जुन्या ग्राहकांना ठरावीक बाटल्या वाटून देतात. इथे याला ‘आस्सेन्यात्सिओने’ म्हणतात. ज्याने वाईट सालातही माल उचलला त्याचे नाव चांगल्या सालात वगळले जात नाही. हा हक्क बाजारात विकत मिळत नाही. तो दोन घरांच्या संबंधातून येतो आणि बापाकडून मुलाकडे जातो.

सांतिनींचे उदाहरण या दृष्टीने अगदी बोलके आहे. आंतोनिओ आणि तेरेसा या जोडप्याने १९२६ मध्ये ओल्यो नदीच्या परिसरात, रुनाते नावाच्या छोट्याशा वस्तीवर, मासे आणि वाइन देणारी साधी खानावळ सुरू केली. ‘पेस्कातोरे’ म्हणजे मासेमारी करणारा, हे नाव तिथूनच आले. पुढच्या पिढीत मुलगा जोव्हान्नी आणि सून ब्रूना यांनी ती चालवली. त्यांचा मुलगा, आजोबांचेच नाव लावणारा आंतोनिओ, आणि त्याची पत्नी नादिया यांच्या काळात ती जगभर माहीत झाली. नादिया सांतिनी स्वयंपाकाच्या कोणत्याही शाळेत शिकल्या नाहीत. त्या सासूबाईंच्या हाताखाली शिकल्या, आणि १९९६ मध्ये रेस्टॉरंटला मिशेलिन या रेस्टॉरंटांच्या मार्गदर्शिकेचा तिसरा, म्हणजे सर्वोच्च, तारा मिळाला तेव्हा तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या इटालियन महिला शेफ ठरल्या. आता त्यांचा मुलगा जोव्हान्नी त्यांच्यासोबत स्वयंपाकघरात असतो, तर आंतोनिओ आणि धाकटा मुलगा आल्बेर्तो बाहेरची व्यवस्था आणि वाइन पाहतात. सून सासूकडून चुलीवरचे शिकते, मुलगा बापाकडून तळघर शिकतो, आणि दोन्हीकडे शिकवणारा माणूस त्याच घरात हयात असतो, याचा फरक ताटात आणि पेल्यात दोन्हीकडे पडतो.

हे एकाच घराचे वैशिष्ट्य नाही. नेपल्सच्या दक्षिणेला सांत’आगाता गावात इयाक्कारिनो कुटुंबाचे ‘डॉन आल्फोन्सो १८९०’ आहे. तिथले तळघर तुफा नावाच्या मऊ ज्वालामुखी खडकात खोल खोदलेले असून त्याच्या तळाच्या, अतिशय प्राचीन भागात चीज मुरत ठेवतात.

तळघर म्हणजे नेमके काय असते हे मी लांगेमधल्या एका लहान, घरगुती खानावळीत जवळून पाहिले आहे. सत्तरीतले मालक मला खाली घेऊन गेले. पायऱ्या उतरताना आधी थंडावा लागला आणि मग ओल्या मातीचा वास आला. जमिनीवर बारीक खडी पसरलेली होती आणि उन्हाळ्यात ते तिच्यावर झारीने पाणी मारतात, कारण हवा कोरडी पडली की बूच आकसते आणि बाटलीत हवा शिरते. तापमान बाराही महिने साधारण १२ ते १४ अंश आणि आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या आसपास राहिली पाहिजे. बाटल्या आडव्या होत्या आणि कप्प्याच्या दगडावर खडूने फक्त साल लिहिलेले होते. त्यांनी एक बाटली उचलली ती जशी आडवी होती तशीच, जराही न फिरवता, वेताच्या लांबट टोपलीत ठेवली आणि तशीच वर आणली. टेबलाशी मेणबत्ती लावून तिच्या उजेडात बाटलीची मान धरली आणि वाइन काचेच्या भांड्यात इतक्या सावकाश ओतली की धार थरथरलीसुद्धा नाही. शेवटी बाटलीच्या खांद्याशी चहाच्या भुकटीसारखा गाळ सरकत आलेला दिसला, त्याच क्षणी त्यांनी हात थांबवला. तळाशी दोन बोटे वाइन उरली होती, ती त्यांनी स्वयंपाकघरात पाठवून दिली.

आता आपल्या बाकीच्या प्रश्नांकडे वळतो. वाइन न घेणे इटलीत मुळीच अपमानास्पद नाही. गाडी चालवणाऱ्याला तर कोणी आग्रहही करणार नाही, कारण रक्तातील मद्याची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे आणि परवाना मिळून तीन वर्षे झाली नसतील तर ती शून्य आहे. यादीतून निवड करण्याचे ओझे स्वतःवर घेऊ नका. सोमेलिएला, म्हणजे वाइन सुचवून वाढणाऱ्या जाणकाराला, आपण काय जेवणार आहोत आणि आपल्याला हलकी वाइन आवडते की भरदार, हे सांगावे, आणि यादीतल्या एखाद्या किमतीवर बोट ठेवून “साधारण अशी” एवढेच म्हणावे. बोटाने दाखवलेली रक्कम त्याला कळते आणि टेबलावरच्या वडीलधाऱ्यांसमोर आकडा उच्चारावा लागत नाही. तिघांसाठी एक बाटली पुष्कळ झाली. दोन वेगवेगळ्या चवी घ्यायच्या असतील तर पेल्याने काय मिळेल ते विचारावे.

शिधा

मी शेजारच्या क्रेमोना शहरामध्ये तीन वर्षे राहिले आहे, त्यामुळे आपल्या आईंच्या जेवणाबद्दल थोडे लिहिते. मुख्य म्हणजे शाकाहाराबद्दल आधीच, जागा राखतानाच लेखी कळवावे. ‘शाकाहारी’ या एका शब्दावर थांबू नये, तर मांस, मासे आणि मांसाचे सूप चालत नाही, अंडे आणि दूध चालते, असे स्पष्ट लिहावे, कारण या भागात आन्योलिनीसारखे पास्ते मांसाच्या सुपात वाढतात आणि भाताचा रिझोत्तोही बहुधा त्याच सुपात शिजवतात.

त्या घराचा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ मात्र आईंना खाता येण्याजोगा आहे. तो म्हणजे तोर्तेल्ली, लाल भोपळ्याचे सारण भरलेला अंड्याचा पास्ता. सारणात भोपळ्याबरोबर आमारेत्ती नावाच्या कडवट-गोड बदामी बिस्किटांचा चुरा, जायफळ, पार्मिजानो चीज आणि मोस्तार्दा असते. मोस्तार्दा म्हणजे साखरेच्या पाकात मुरवलेली फळे, ज्यांत मोहरीचा अर्क घालतात. पहिला घास गोड लागतो आणि मागाहून फेसलेल्या मोहरीसारखी झिणझिणी नाकात चढते. माझ्या आईने तो खाल्ला तेव्हा तिला लग्नघरच्या लोणच्याची आठवण झाली होती. एक गोष्ट मात्र आईंना आधी सांगून ठेवावी : पार्मिजानो चीज वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेट या पाचक द्रव्याने विरजतात. अनेक शाकाहारी माणसे ते खातात, अनेक जण खात नाहीत. निर्णय त्यांचा असावा, नंतर कळून त्यांना वाईट वाटू नये.

वाइनबद्दल इतकेच सुचवते की बाबांनी एक पेला लांब्रुस्को जरूर घ्यावी. ती मांतोवाच्या मातीतली फेसाळ, तांबडी, थंड करून पिण्याची वाइन आहे आणि तिला मुरण्याची गरजच नसते. तिकडचे जुने शेतकरी गरम सुपाच्या वाडग्यात ती ओतून पितात. त्या भागात याला ‘बेव्हरिन व्हिन’ म्हणतात.

द्राक्षमळा

मी निफाड तालुक्यात वाइनची द्राक्षे पिकवली आहेत आणि नंतर ती बाग काढून टाकली आहे, त्यामुळे थोडे वेगळे मत मांडतो. वरील माहिती अचूक आहे, पण ती वाचून जुनी वाइन म्हणजे चांगली वाइन असा समज होऊ नये. जगातली बहुतेक वाइन एक-दोन वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते आणि ठेवली तर ती मुरत नाही, मरते. मुरण्यासाठी द्राक्षातच पुरेसा आंबटपणा आणि तुरटपणा असावा लागतो, आणि तो झाडावर कमी माल ठेवल्याशिवाय येत नाही. बारोलोला नियमाने हेक्टरी ८ टनांपेक्षा जास्त उत्पादन घेता येत नाही, म्हणजे एकरी जेमतेम सव्वातीन टन. दिंडोरीकर, हा आकडा आपल्या वडिलांना अवश्य सांगा. खाण्याच्या द्राक्षाचा एकरी हिशेब ज्याच्या डोक्यात आहे त्याला त्या बाटलीची किंमत एका क्षणात समजेल.

दुसरे, तळघर मोठे असले तरी प्रत्येक बाटली चांगली निघेल असे नाही. काही वर्षांपूर्वी युरोपातल्या एका रेस्टॉरंटात मी बारा वर्षांची बाटली मागवली होती. पेला नाकाशी नेताच भिजलेल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात न वाळलेल्या गोधडीसारखा वास आला. बुचाला लागणाऱ्या बुरशीतून तयार होणाऱ्या टीसीए या रसायनाचा तो दोष असतो आणि त्यात यजमानांचा काही अपराध नसतो. पण त्या दिवशी मी संकोचापोटी काहीच बोललो नाही आणि पूर्ण पैसे भरून अर्धी वाइन तशीच सोडून उठलो. आजही त्याचे वाईट वाटते. सोमेलिए आधी थोडीशी वाइन ओततो ती आवडली की नाही हे विचारण्यासाठी नाही, तर असा दोष नाही ना हे पाहण्यासाठी. तसा वास आला तर नम्रपणे सांगावे. चांगले घर बाटली विनातक्रार बदलून देते, कारण त्यांच्या नावाची काळजी आपल्याइतकीच त्यांनाही असते.

दिंडोरीकर

सर्वांचे मनापासून आभार. तोरिनोकरांचे उत्तर मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. पहिली पंधरा वर्षे फक्त भर घालायची, या वाक्यापाशी त्यांनी मला थांबवले आणि ते पुन्हा वाचायला सांगितले. एकरी सव्वातीन टन ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग “एवढ्यात भागवायचे म्हणजे वेलीवर दर हंगामाला किती घड खुडून टाकत असतील,” एवढेच म्हणाले. आईला पार्मिजानोबद्दल सांगितले आहे. तिने ते वगळून तोर्तेल्ली करता येतील का, असे विचारायला सांगितले आहे.

आता आणखी दोन प्रश्न आहेत. तळघर पाहू द्या अशी विनंती करणे योग्य ठरेल का? आणि आईबाबांचे लग्न मे १९८६ मधले आहे, तर त्या सालची बारोलो मिळाल्यास मागवावी अशी ताईची इच्छा आहे. ते शहाणपणाचे होईल का?

शिधा

पार्मिजानो वगळण्याबद्दल : सारण आधीच तयार केलेले असते आणि चीज त्यातच मिसळलेले असते, त्यामुळे आयत्या वेळी ते काढता येणार नाही. पत्रात आत्ताच विचारा. नाही जमले तर ते आईंसाठी दुसरे काही सुचवतील.

तोरिनोकर

तळघर पाहण्याची विनंती अवश्य करावी, पण ऐन जेवणाच्या गर्दीत नव्हे. शाकाहाराबद्दल जे पत्र पाठवाल त्यातच लिहावे की वडील द्राक्ष बागायतदार आहेत आणि जेवण झाल्यावर दोन मिनिटे खाली जाऊन पाहता आले तर त्यांना फार आनंद होईल. जमेल की नाही हे यजमान ठरवतील, आणि नाही म्हणाले तरी वाईट वाटून घेऊ नये. खाली गेल्यास बाटलीला हात लावू नये, एवढेच पथ्य आहे.

१९८६ बद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ते साल इटलीच्या वाइनसाठी साधे नव्हते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये स्वस्त वाइनचे मद्यप्रमाण वाढवण्यासाठी तिच्यात मिथेनॉल मिसळल्याचे उघड झाले, वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, अनेकांची दृष्टी गेली, आणि इटालियन वाइनची निर्यात कोसळली. प्रामाणिक बागायतदारांचेही त्यात अतोनात नुकसान झाले. ज्या खानावळींचे मालक आपल्या वाइनवाल्याला नावाने आणि बागेसह ओळखत होते, त्यांच्याच टेबलावर लोकांचा विश्वास टिकून राहिला. त्यानंतर भरपूर आणि स्वस्त यापेक्षा थोडे आणि चोख, हा विचार इथे पक्का रुजला.

त्यातच मे महिन्याच्या अखेरीस बारोलोच्या परिसरात जबरदस्त गारपीट झाली आणि अनेक बागांचा त्या वर्षीचा माल जवळजवळ संपूर्ण गेला. त्यामुळे १९८६ ची बारोलो मुळातच थोडी झाली. आधीचे १९८५ आणि नंतरचे १९८९ ही सालेच लोकांच्या तोंडी असतात. त्या सालची बाटली शिल्लक असेलच असे नाही, असली तर महाग असेल, आणि चाळीस वर्षांनंतर ती सुस्थितीत असेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही. म्हणून पत्रात तेही विचारा : १९८६ ची एखादी बाटली आपल्याकडे आहे का, आणि ती आज उघडावी असे आपल्याला वाटते का? हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, कारण ज्याच्या घरात ती बाटली इतकी वर्षे झोपलेली आहे तोच याचे खरे उत्तर देऊ शकतो. ते नको म्हणाले तर त्यांचे ऐका आणि ते सुचवतील ती घ्या.

बाटली निघालीच, तर पहिल्या घोटाआधी आपल्या वडिलांना त्या मे महिन्यातल्या गारांची हकिकत सांगा. निफाड-दिंडोरीच्या माणसाला गारा म्हणजे काय हे वेगळे समजवावे लागणार नाही.

दिंडोरीकर

पत्र आज रात्रीच ताईला इटालियनमध्ये लिहायला सांगतो. बाबांना गारपिटीचे मी आत्ताच सांगितले. “मग त्यातून वाचलेल्या मण्यांची असेल ती,” असे म्हणून ते उठले आणि १९८६ ची बाटली आहे का हे पत्रात सर्वांत आधी विचारायला त्यांनी सांगितले आहे.